कारण कळल्याशिवाय दावं सोडायचं नाही

फोन आला तेव्हा चांदीची धार निम्मी झाली होती. चांदी म्हणजे आमची गाय, काळी-पांढरी, संकरित. फोन महेशचा, माझ्या मुलाचा, तळेगावच्या दवाखान्यातून. तो म्हणाला, "आबा... आई गेली." मी म्हणालो, "बरं. येतो." फोन खिशात ठेवला आणि उरलेली धार काढली. शेजारच्या गोठ्यातल्या माणसानं हे ऐकलं, आणि दहावा व्हायच्या आत सगळ्या परंदवडी गावात झालं की म्हातारा दगड आहे, बायको मेली तरी बादली सोडली नाही. म्हणू देत. निम्मी पिळलेली गाय तशीच सोडली तर कास सुजते, आणि हे मला आयुष्यभर ओरडून सांगणारीच त्या दवाखान्यातल्या खाटेवर गेली होती. तिच्याच मरणापायी तिच्या गाईची कास सुजली असती तर वर गेल्यावर मी तिला काय तोंड दाखवलं असतं? धार संपवली, सड पुसले, दूध गाळून ठेवलं आणि मग निघालो. सोमाटणे फाट्यावर रिक्षात बसलो तेव्हा हाताला दुधाचा वास येत होता... तेव्हा मात्र रडलो. रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडं वळवला. भला माणूस होता.

तिचं नाव इंदूबाई. मी शाळा चौथीपर्यंत केली, ती तेवढीही नाही. कान्ह्याला दिलेली आमची मुलगी म्हणते, आबा, आईबद्दल लिहा, पेपरच्या पुरवणीत असं छापतात. म्हणून लिहितोय. जमेल तसं लिहितो, गोड लिहिणार नाही. भेटायला आलेल्या लोकांनी गोड खूप बोलून झालं आहे. गाईंवर तिची लेकरासारखी माया होती, असं जो तो म्हणतो. मी तिथं बसून ऐकतो आणि मनात म्हणतो, बाबांनो, तुम्ही तिला शेण काढताना ऐकलेलं नाही. काय एकेक शिव्या द्यायची! तिची माया आमच्यावर होती, पोरांवर होती. गाय तिच्या लेखी गाय होती. फक्त तिचा एक हट्ट होता. जनावर दुधाला-वेताला नीट चालत नसेल तर का चालत नाही, हे तिला कळलं पाहिजे. कारण कळल्याशिवाय दावं सोडायचं नाही. हा हट्ट तिनं कुठून आणला ते मला माहीत नाही. लग्न होऊन आली तेव्हा बरोबरच घेऊन आली होती.

तीनेक वर्षांमागची गोष्ट. चांदी पहिल्या वेताला बरी चालली, पण नंतर गाभण राहीना. रेतन करून भरवली की उलटायची, गर्भ न धरता तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर यायची. पुढं तर माजावर यायचीच बंद झाली. दूध आटलं. खायला मात्र दोन गाईंचं लागायचं. महेश कंपनीत जातो, त्याला सगळ्या गोष्टी पटपट उरकायची सवय. तो म्हणाला, "आबा, ही नुसती खातीया. काढून टाका." मलाही तेच वाटत होतं. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. ज्याच्या घरी दोन-तीनच गाई, त्याला एक बिनदुधाची ठेवणं परवडत नाही. मी चाकणच्या बाजारातल्या एका दलालाला निरोप धाडला. तो टेम्पो घेऊन आला, गाईभोवती फिरला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "भाऊ, वांझ हाय ही."

इंदू गव्हाणीशी उभी होती. तिनं विचारलं, "कुनी सांगितलं?"

"दिसतंय की मावशी."

"मला न्हाई दिसत. कुटं दिसतंय ते दाव."

तो हसला. म्हणाला, "आता आतलं कसं दावनार?"

"मग बाहेरून थाप मारून आतलं कसं कळलं तुला? आन् एक सांग, हितनं नेलीस की ती पुढं कुटं जानार?"

तो टेम्पोकडं बघायला लागला. बाजारात गेलेली भाकड गाय पुढं कुठं जाते हे कुणी विचारत नाही आणि विचारलं तर कुणी सांगत नाही. इंदूनं दाव्याला हात घातला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, हिचा दोष काय ते कळू द्या. कळल्यावर मीच सोडून देते, टेम्पोत पन मीच चढवते. तवर न्हाई." टेम्पो रिकामा गेला. महेश दोन दिवस आईशी बोलला नाही. मीही फारसं बोललो नाही, पण जेवण तिच्याच हातचं होतं म्हणून चार शब्द बोलावे लागले.

सोमाटण्याला जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई नवीन आल्या होत्या. इंदू त्यांना स्वतः जाऊन घेऊन आली. बाईंनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, गाईच्या आत हात घालून तपासलं आणि म्हणाल्या, "पिशवी चांगली आहे. अंडाशय झोपलंय. मावशी, हिला खायला काय घालता?" मी पुढं होऊन छाती काढून सांगितलं, की पोटभर पेंढा, वरून भाताचा कोंडा, बघा कशी गणपतीसारखी झालीय. आमचा मावळ भाताचा. पेंढ्याला तोटा नाही, आणि ज्याच्या दारात पेंढ्याची गंजी मोठी त्याचं गोठ्याचं काम चोख, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. बाई म्हणाल्या, "आबा, पोट भरलंय, पण गर्भ धरायला जे लागतं ते पेंढ्यात नाही. फॉस्फरस नाही, तांबं नाही, जस्त नाही. अंगात काही नसेल तर शरीर आधी स्वतःला सांभाळतं, वासराचं मग बघतं. म्हणून माज बंद." मग त्यांनी सांगितलं की हार्मोनचा उपाय आहे, पण तो लगेच करायचा नाही. आधी जंताचं औषध, मग दोन-अडीच महिने ओला चारा, पेंड आणि रोज खनिज मिश्रण. "रिकाम्या अंगावर हार्मोन म्हणजे बी नसलेल्या वावराला पाणी," असं त्या म्हणाल्या. इंदूला ते एकदम पटलं. मला वाटलं, झालं, अजून अडीच महिने फुकटचा खुराक.

ती मात्र त्या दिवशी खूष होती. कारण सापडलं होतं ना! मला म्हणाली, "बघा, गाय चांगली हाय. खायला घालनारा येडा हाय."

पवना नदीच्या बाजूच्या आमच्या तुकड्यात बांधाबांधानं तिनं हत्तीगवताची कांडं खोचली. गवत वाढेपर्यंत इकडून-तिकडून ओला चारा आणला. पेंढा निम्म्यावर आणला. खनिज मिश्रणाची पिशवी घरात आली आणि तिथं माझ्या वहिनी आडव्या आल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, भिंतीला भिंत लागून राहतात, भाऊ वारल्यापासून निम्मा वेळ आमच्याच ओट्यावर. त्यांनी पिशवीत हात घातला, पांढरी-करडी भुकटी बघितली आणि म्हणाल्या, "इंदे, ही हाडाची भुकटी हाय. गाईला हाडं खाऊ घालतीस? कुटं फेडशील हे पाप?" पूर्वी असली पावडर हाडांची यायची, हे खोटं नव्हे. इंदूनं तिथनंच डॉक्टरीणबाईंना फोन लावला, हाडाचं काही नाही हे विचारून घेतलं, आणि मग वहिनींसमोर एक चिमूट स्वतःच्या जिभेवर टाकली.

"खारट हाय," ती म्हणाली. "घ्या, तुमी पन बघा."

"मी न्हाई बाई!"

"मग गप बसा. मी खाल्ली, आता मी जरी माजावर आले तरी तुमाला काय त्याचं?"

वहिनी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की पापपुण्य राहिलंच. पण चांदीला ती पावडर आवडायची नाही. पेंड-कोंड्याच्या आंबोणात मिसळली की ती वरवरचं खायची आणि खालची भुकटी शेजारची गाय मान लांब करून चाटून जायची. चुलीवर शिजवलेल्या गरम आंबोणात टाकायची नाही हेही बाईंनी सांगितलेलं. म्हणून इंदू आंबोण निवू द्यायची, गुळाच्या पाण्यात पावडर कालवून त्यावर टाकायची आणि घमेलं पूर्ण चाटून होईपर्यंत दोन गाईंच्या मध्ये उभी राहायची. हलायची नाही. पाहुणे आले तरी नाही.

दिवाळीच्या तोंडाला बाई आल्या, तपासलं, म्हणाल्या आता अंग तयार आहे. त्यांनी गाईच्या आत हार्मोनचं एक छोटं प्लास्टिकचं उपकरण बसवलं. ते आठवडाभर आत ठेवायचं, त्यातून औषध हळूहळू अंगात उतरतं, आणि काढलं की दोन-तीन दिवसांत गाय माजावर येते. काढायला सोपं जावं म्हणून त्याची निळी दोरी शेपटीखाली बोटभर बाहेर राहते. बाई बजावून गेल्या, "दोरीला हात लावायचा नाही." आम्ही घरातले सगळे ऐकून होतो. वहिनी तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या.

त्या परत आल्या त्या वसुबारसेला. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, म्हणून सकाळी गाई धुवायच्या. वहिनींना वाटलं, इंदू गवत आणायला गेलीय, तिला तेवढीच मदत. त्यांनी चांदीला पाणी घातलं, घासली, शेपटी उचलली, आणि त्यांना दिसली निळी दोरी. आता आमच्याकडचं एक सांगतो. हायवेच्या कडेनं ढाबे, कंपन्या, पर्यटकांच्या गाड्या. चरायला सोडलेली जनावरं पिशव्या खातात, सुतळ्या खातात, कंपनीच्या खोक्यांच्या पट्ट्या खातात. दोन वर्षांमागं गल्लीतलीच एक म्हैस पोटात प्लास्टिकचा गोळा होऊन मेली होती. वहिनींनी देवाचं नाव घेतलं, दोरी दोन बोटांना गुंडाळली आणि ओढली.

मी ओट्यावर होतो. त्या ओरडतच आल्या, "भावजी! अवो भावजी! हे बघा हिच्या पोटातनं काय निघालं! कंपनीचं प्लास्टिक गिळलंतं मुडदीनं, म्हनून गाभन राहत नव्हती! मी काढलं, समदं काढलं!" हातात ते उपकरण, गाईच्या कपाळाला हळदीकुंकू लावलेलं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की खरं काय ते सांगायचा मला धीर होईना. गल्लीतल्या चार बायका जमल्या. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन इंदू आली. तिनं बघितलं. भारा तसाच डोक्यावर. आता ही वहिनींना फाडून खाणार, असं मी धरून चाललो होतो... ती म्हणाली, "वयनी, ते मी ठेवलंतं."

"आँ? गाईच्या पोटात? कशापायी?"

मग भारा टाकून, तिथंच त्यावर बसून तिनं सगळं सांगितलं. वहिनींचं तोंड उतरत गेलं. त्या दिवशी पूजा दुसऱ्याच्या दारातल्या गाय-वासराची झाली. आमच्या दारात वासरू नव्हतंच. वहिनी पूजेलाही गेल्या नाहीत, भाकरी-गवारीच्या भाजीचं ताट झाकून बसून राहिल्या.

डॉक्टरीणबाई आल्या, आधी हसल्या, मग म्हणाल्या, "लवकर निघालं, ही वेळ वाया गेली समजा. थोडं थांबून पुन्हा करू." महेशनं हात टेकले. म्हणाला, "आई, आता तरी बास कर. कारन कळलं ना? मग?" मीही म्हणालो, की अगं, तुझंच बोलणं होतं, दोष कळला की सोडायची. तिनं आमच्या दोघांकडं असं बघितलं, जसं आम्हीच उलटणारी जनावरं आहोत. "दोष गाईचा कळला तर सोडायची. हा दोष वयनीचा हाय. वयनींना चाकनला नेता का?" ओट्यावर वहिनी बसल्या होत्या, त्यांना रडता रडता हसू फुटलं.

मार्गशीर्षात बाईंनी दुसऱ्यांदा उपकरण बसवलं. आणि या वेळी इंदूनं जे केलं ते मला सुचलं नसतं. ती वहिनींकडं गेली आणि म्हणाली, "वयनी, ह्या दोरीची राखन तुमी करायची. माजा कुनावर भरवसा न्हाई." त्या बाईनं आठवडाभर चांदी सोडली नाही. गोठ्यात पोतं टाकून बसायच्या, कावळा हाकलायच्या, मी शेण काढायला वाकलो तरी "भावजी, मागं सरा!" अशा खेकसायच्या. दोरीवर नजर ठेवून त्यांनी तिथंच बसून गहू निवडले, शेंगा फोडल्या. पुढं इंदू होती तोवर त्या दोघींत एक शब्द वाकडा गेला नाही. तो राखणीचा आठवडा नसता तर वहिनी आमच्या ओट्यावर परत बसल्या असत्या असं मला वाटत नाही.

बाईंनी उपकरण वेळेवर काढलं, इंजेक्शन दिलं. आता माज ओळखायचं काम. चांदी मुकी गाय. माजावर आली तरी हंबरायची नाही, उड्या मारायची नाही. अशा गाईचा माज निघून जातो आणि मालकाला पत्ता लागत नाही. म्हणून इंदू सकाळी उठली की तोंडात पाणी घ्यायच्या आधी गोठ्यात जायची आणि गाईच्या मागं उभी राहायची. शेपटी बघायची, गाय बसली होती ती जागा बघायची. तिसऱ्या सकाळी तिनं हाक मारली. काचेसारखी स्वच्छ, चिकट तार शेपटीला लागलेली होती. "आली," एवढंच म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी भरवली. तीन आठवडे झाले, उलटली नाही. पुढं बाईंनी हात घालून बघितलं आणि नुसती मान हलवली. इंदूनं विचारलं, "नक्की?" बाई म्हणाल्या, "मावशी, नक्की." इंदू गव्हाणीवर टेकली आणि गाईला म्हणाली, "लय तरास दिलास, सटवे."

घटस्थापनेच्या सुमाराला कालवड झाली. त्या वसुबारसेला सगळी गल्ली आमच्या दारात. पहिलं निरांजन वहिनींनी ओवाळलं, इंदूनं त्यांनाच पुढं केलं. महेश मोबाईलवर फोटो काढत होता, कालवडीचे, आईचे. कालवडीचं नाव त्यानंच ठेवलं, वसू.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगण्यासारखं नाही. तिच्या छातीत पाणी झालं, तळेगावला नेलं, आठ-दहा दिवस गेले, आणि ती गेली. तेराव्याला माणसं बसली होती, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, इंदूच्या नावानं गाय द्या. तिच्या हातचीच द्या, चांदी द्या. गाईची शेपटी धरून मानूस वैतरनी तरून जातं." त्यांचा जीव तुटत होता म्हणून त्या बोलल्या, हे मला कळत होतं. दोन-चार लोकांनी माना हलवल्या. मी म्हणालो, "वयनी, इंदूनं जन्मभर गाईची शेपटी उचलून खाली बघितलं. शेपटी धरून कुठं जायची सवय नव्हती तिला. ती आपली आपण जाईल." मग मी विचारलं, "चांदीचा दोष काय ते सांगा. सांगा, मी आत्ता दावं सोडतो." वहिनी बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले आणि ओठ मात्र हसायला लागले. भटजी समजूतदार होते, म्हणाले गाईऐवजी नारळावर संकल्प सोडू. सोडला.

आता गोठ्याचं मी बघतो. महेशनं दोनदा विचारलं, की आबा, तुमचं वय झालं, गाई कमी करू या का. मी म्हणालो, माझा काय दोष निघतो ते डॉक्टरकडून लिहून आण, मग बघू. सकाळी उठलो की चहाच्या आधी गोठ्यात जातो. मला हे कुणी सांगितलेलं नाही. पाय आपोआप तिकडं वळतात. गाईंच्या मागं उभा राहतो, शेपट्या बघतो, बसलेल्या जागा बघतो. मग आंबोण निवू देतो, त्यावर पावडर टाकतो आणि घमेलं चाटून होईस्तोवर दोन गाईंच्या मध्ये उभा राहतो. सुरुवातीला वाटायचं, आपण तिचं काम करतोय. आता वाटतं, आपण तिच्या जागी उभे आहोत. त्या जागी जमीन थोडी खोलगट झालीय, पाय नीट बसतात.

परवा सकाळी मी असाच मागं उभा होतो. वसूच्या शेपटीला तार दिसली. स्वच्छ, काचेसारखी. आयुष्यातला पहिला माज. मी महेशला हाक मारली. तो दात घासत आला, बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "आबा, डॉक्टरीणबाईंना फोन लावू?"

"न्हाई," मी म्हणालो. "पयला माज सोडायचा. अंग भरू दे तिचं. तीन आठवड्यांनी परत येईल."

"आन् आला न्हाई तर?"

"तर का आला न्हाई ते बघायचं."

तो ब्रश तोंडातच धरून माझ्या शेजारी उभा राहिला. आतून सुनेनं चहा झाल्याची हाक दिली. आम्ही दोघंही हललो नाही.